तक्त्यामागची भिंत

माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठा दोनदा बदलला, आतली पानं तीच. आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या बायका तिला 'अक्काची वही' म्हणतात. मदतनिसाची सेविका कशी व्हायची, सेविकेची मुख्यसेविका कशी व्हायची, अर्जाला कुठले कागद जोडायचे, मुलाखतीत काय विचारतात, भेटीला आलेले साहेब आधी कुठं बघतात, सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. मी काही कॉलेजची पायरी चढलेली बाई नव्हे. सातवीला शाळा सुटली. अंगणवाडीत लागल्यावर थोरल्या लेकीच्या जोडीनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि दहावी झाले. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, म्हणून पेढे तिच्या नावाचे वाटले. मला सासूबाईंनी अर्धा पेढा दिला, वर म्हणाल्या, "आता तरी भाकरी गोल येतील का?"

तर ही वही. प्रशिक्षणाला जायचे तिथं बाकीच्या बायका जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारायच्या, मी लिहून काढायचे. रिटायर झाले तरी अजून कुणी ना कुणी दाराशी येतं. "अक्का, परीक्षा लागलीय, वही देता का?" देते. का नाही देणार? ह्या कामात आम्हाला वर जायची वाट दाखवणारं दुसरं कोण होतं?

पण त्या वहीतलं एक पान आता नाही. मीच फाडलं. का फाडलं ते आजवर नीट कुणाला सांगितलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं केंद्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत होतं. भाड्याची एक खोली, वर पत्रा, पुढं जरासं अंगण. खोलीची एक भिंत शेजारच्या मागाच्या कारखान्याशी सामाईक. तिकडं टॉवेल विणायचे, इकडं आम्ही बडबडगीतं म्हणायचो. आवाज इतका की आमची पोरं साधं पाणी मागायची ती ओरडून. दुसऱ्या केंद्रातली बाई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "तुमच्याकडं रोज भांडणं असतात का हो?" टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला तर पाण्यावर बारीक बारीक लाटा उठायच्या. पोरांना तो खेळ वाटायचा. ग्लासात बोट न घालता पाणी हलतं म्हणून टाळ्या पिटायची.

माझी मदतनीस पद्मशाली विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. आली तेव्हा नववी नापास होती. मी तिला स्वस्थ बसू दिलं नाही. दहावीचा फॉर्म भरायला लावला, मग बारावीचा. खिचडी ढवळत ढवळत ती पाठ करायची. मी वजनं लिहीत असायचे आणि चुलीकडून हाक यायची, "अक्का, पानिपतात कोन हारलं ते लवकर सांगा, डाळ खाली लागाय लागली!" बारावी पास झाली तेव्हा तिनं माझ्या पाया पडायच्या आधी पातेल्याच्या पाया पडल्यासारखं केलं. म्हणाली, "खरा मास्तर हाच की."

माझी नोकरी सरायला काही महिने उरले होते. माझ्या मागं माझी जागा तिला मिळणार, असं जवळजवळ ठरलं होतं. मदतनीस शिकलेली असली, काम बरं असलं, वरून शिफारस आली तर आधी तिचा विचार होतो. आणि सेविका झाली की दहा-बारा वर्षांनी मुख्यसेविका. मी ते स्वप्न स्वतःसाठी बघितलं होतं. अर्ज दोनदा भरला, दोनदा राहिला, मग वय निघून गेलं. म्हणून ते मी तिच्या डोक्यावर ठेवलं होतं.

एकच गोष्ट होती. जागा केंद्राची असते, बाईची नाही. केंद्र उठलं तर पोरं मोठ्या रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत जोडणार, आणि तिथं सेविका, मदतनीस दोघी होत्या. हिला कोण ठेवून घेणार? मीटिंगमध्ये तेव्हा सारखं बोललं जायचं, ज्यांच्या खोल्या धड नाहीत ती केंद्रं शेजारी जोडा. आम्ही सगळ्या मान खाली घालून ऐकायचो. कुणाची खोली धड होती?

दिवाळीनंतर शेजारच्या मालकानं जुने माग काढून नवीन मशिनी बसवल्या. आवाजच बदलला. आधीची खटाखट कानाला लागायची, ही धडधड पायातून वर यायची. आठ-पंधरा दिवसांत त्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत एक भेग दिसली. केसाएवढी. मदतनीस रोज सकाळी झाडायची, ती म्हणाली, "अक्का, हितं लई माती निघती." मी म्हटलं, "जुनी भिंत हाय, निघनारच."

आणि मी माझ्या वहीप्रमाणं केलं. वहीत मी लिहिलं होतं, अगदी ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून: 'भिंतीवर जिथं डाग, ओल, भेग असेल तिथं मुलांच्या वाढीचा तक्ता लावावा. साहेब तक्ता बघतात, भिंत बघत नाहीत.' ह्या ओळीवर मला किती कौतुक मिळालं होतं! एका बैठकीत वाचून दाखवली तर बायका हसून हसून बेजार. मग सगळ्यांनी उतरवून घेतली. कुणीतरी मोबाईलवर पानाचा फोटो काढला. मला अभिमान वाटला होता.

खिळा ठोकला तर तो माझ्या हातातच परत आला, मूठभर माती घेऊन. तेव्हा मदतनिसाच्या घरून खळ आणली. सुताला लावायची ती पिठाची खळ, त्यांच्याकडं अजून करतात. चारी बाजूंनी फासून तक्ता घट्ट चिकटवला. लांबून बघितलं. केंद्र नव्यासारखं दिसत होतं.

सहाव्या-सातव्या दिवशी बघते तर तक्ता मधोमध फाटलेला, वरपासून खालपर्यंत. त्याच्याखाली एक चार वर्षांची मुलगी बसायची. टॉवेलच्या कारखान्यात गाठोडी बांधणाऱ्या बाईची. फार बोलायची नाही, बोट तोंडात घालून बघत बसायची.

"कुनी फाडला गं?"

"मी न्हाय."

"मग कोन?"

तिनं बोट तोंडातून काढून भिंतीकडं दाखवलं. "हिनं."

सगळी पोरं हसली. मदतनीसही हसली. मी नाही हसले. भेट जवळ आली होती, नवा तक्ता कुठून आणायचा ह्या रागात होते. मी तिला तक्त्याकडं तोंड करून उभं केलं. पोरं जेवायला बसेपर्यंत ती तशीच उभी होती, भिंतीपासून वीतभर अंतरावर. रडली नाही. मधेच एकदा तिनं गाल भिंतीला लावला, मला वाटलं दमली असेल.

नवीन तक्ता जुन्यावरच चिकटवला. तोही फाटला. तिसरा लावला. त्या वेळी ती मुलगी तापानं घरी होती, दोन दिवस आली नव्हती. तक्ता तरी फाटला. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. नाही पडला. मी दुसऱ्या एका पोरावर ओरडले आणि वर चौथा चिकटवला.

आणखी एक गोष्ट होत होती, ती मला नंतर आठवत गेली. सकाळी आम्ही सतरंज्या अर्धगोल टाकायचो, भिंतीला लागून, कारण फोटोत तसं बरं दिसतं. पण अकरा-साडेअकरापर्यंत सगळी पोरं दाराशी गोळा झालेली असायची. कुणी उठून जायचं नाही, ढुंगणं घासत घासत सरकायची. आधी ती मुलगी, मग तिच्या शेजारचा, मग सगळी. मी सतरंजी धरून पोरांसकट मागं ओढायचे. त्यांना गाडीत बसल्यासारखं वाटायचं, खिदळायची. दुसऱ्या दिवशी परत दाराशी.

फाल्गुनातली गोष्ट असेल. ऊन तापायला लागलं होतं. दुपारी एकदम लाइट गेली आणि शेजारच्या सगळ्या मशिनी बंद पडल्या. आमच्याकडं शांतता म्हणजे काय ते कुणाला माहीतच नव्हतं. पोरं चमच्याचा आवाजसुद्धा न करता थांबली. आणि त्या शांततेत तक्त्यामागून आवाज आला. सर्र... थांबला. परत सर्र... कुणीतरी पलीकडं बसून रवा चाळतंय असा.

एक पोरगं म्हणालं, "बाई, भिंतीत उंदीर हाय."

ती मुलगी म्हणाली, "उंदीर न्हाय."

बस, एवढंच. काय आहे ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मदतनिसानं माझ्याकडं बघितलं. तिच्या हातात उसळीचा डाव तसाच होता. मग लाइट आली, मशिनी सुरू झाल्या, आणि तो आवाज बुडाला. म्हणजे थांबला नाही, बुडाला.

पोरं घरी गेल्यावर मदतनिसानं आपल्या सासऱ्यांना बोलावून आणलं. त्यांचा सगळा जन्म मागावर गेलेला, कान अर्धे गेलेले. ते ऐकण्याऐवजी हातानं बघायचे. त्यांनी भिंतीला तळवा लावला, डोळे मिटले. मग फाटलेल्या तक्त्यावरून बोट फिरवलं.

"ह्यो कुनी फाडला?"

"पोरांनी," मी म्हटलं.

"न्हाय. पोरगं धरून वढतंय. कागद वाकडा फाटतोय. ह्यो बघा, दोऱ्यानं कापल्यावानी सरळ हाय." ते माझ्याकडं वळले. "आमच्या येळंला कारखान्याच्या भिंतीला चीर गेली की तिच्यावर कागदाची पट्टी लावायचो. खळीनंच. पट्टी सरळ फाटली की भिंत चालाय लागली म्हनायचं."

मदतनिसाला भीती वाटली की ती चेष्टा करायची. "मामा, भिंत कुटं चालती? तिला पाय कुटं हायत?"

"हसतीस? मी असतो तर हितं शेळीबी बांधली नसती."

आणि म्हातारा निघून गेला. दारात चप्पल घालताना परत एकदा आत बघितलं, पोरांच्या सतरंज्यांकडं.

मला आधी आठवली ती मुलगी. भिंतीकडं तोंड करून उभी केलेली. मग आठवला सोमवार. सोमवारी भेट होती. ऑफिसातून मॅडम येणार होत्या, केंद्र बघून मदतनिसाच्या शिफारशीचं लिहिणार होत्या. मधे फक्त शनिवार आणि रविवार.

आता खरं ते लिहिते. पुष्कळांना वाटतं की मदतनीसच म्हणाली असेल, दोन दिवस थांबू या. ती नाही म्हणाली. मी म्हणाले. "भेट हू दे. मॅडमचा शेरा पडू दे. मंगळवारी आपनच सांगू की खोली बदला."

ती खळीच्या वाटीत पाणी घालून बोटानं कालवत बसली. नंतर म्हणाली, "अक्का, शनिवारी पोरं अंगणात बसवू."

"बसवू की."

"आनि सोमवारी?"

"सोमवारी तासाभराचं काम," मी म्हटलं. "तासाभरात काय होतंय?"

आम्ही पाचवा तक्ता चिकटवला.

सोमवारी मॅडम आल्या, बरोबर आमची मुख्यसेविका. ती आणि मी एकाच प्रशिक्षणातल्या, तिचा अर्ज लागला, माझा राहिला, पण मैत्री राहिली. आल्या आल्या सुरू झाली, "काय गं, जाता जाता केंद्र नटवलंस होय? आनि ह्या पोरीला आता माझ्याच खुर्चीत बसवतीस का काय!"

"बसंल की. तू जरा सरकून बस."

मॅडमसुद्धा हसल्या. शेजारी मशिनी धडधडत होत्या, बोलणं ओरडूनच चाललं होतं. मदतनीस इस्त्रीच्या साडीत उभी होती. मॅडमनी विचारलं ते सगळं तिनं सांगितलं. कमी वजनाचं मूल कसं ओळखायचं, आईशी कसं बोलायचं, मोबाईलवर नोंद कशी टाकायची. एकदाही अडखळली नाही. मॅडम तक्त्यापाशी गेल्या, एका पोराचं वजन दाखवायला सांगितलं. तिनं बोट ठेवलं आणि मला दिसलं, तिच्या बोटाखाली कागद थरथरत होता. मॅडमना वाटलं असेल, पोरगी घाबरलीय.

"छान," मॅडम म्हणाल्या. "सेविका बाहेर शोधायला नको. इथंच आहे." आणि भेटीची वही उघडून पेनाचं टोपण काढलं. "लिहिण्याआधी एक फोटो घेऊ. मुलांना तक्त्याजवळ बसवा."

पोरं सरकली, नाइलाजानं. ती मुलगी दारातून हलेना.

"ये बाळा, पुढं ये," मॅडम म्हणाल्या.

मुलीनं मॅडमकडं नाही बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी काय केलं? मी म्हणाले, "जा गं. मॅडम बोलवतात." सगळं माहीत असताना म्हणाले. हे माझ्याच तोंडचं वाक्य आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

ती दोन पावलं गेली. तिसरं पाऊल तिनं टाकलंच नाही. तोवर मदतनीस पुढं झाली होती. तिनं त्या मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं तक्त्याचा कोपरा धरून ओढला. पाच तक्ते एकावर एक चिकटलेले, झाडाची साल निघावी तसे एकदम निघाले. भसकन माती पडली. भेग आता बोटाएवढी होती. तिच्यातून पलीकडचा ट्यूबलाइट दिसत होता. एक माणूस चालत गेला, त्याचं पांढरं बनियन दिसलं आणि गेलं.

"मॅडम," ती म्हणाली, "आदी पोरं भाईर काढू. मग लिवा काय लिवायचं ते."

आणि टाळी वाजवली. "चला, गाडी! मी इंजिन!" पोरांनी एकमेकांचे खांदे धरले आणि झुकझुक करत अंगणात गेली. मॅडम मागून गेल्या. मी सगळ्यांत शेवटी.

केंद्र त्याच दिवशी बंद झालं. काही आठवडे पोरं देवळाच्या मंडपात बसली, मग रस्त्यापलीकडं जोडली. मालमोटारींच्या त्या रस्त्यावरून कोण पाठवतंय? निम्मी यायची बंद झाली. मी रिटायर झाले. मॅडमनी भेटीच्या वहीत मदतनिसाबद्दल चांगलं लिहिलं होतं, अगदी दोन ओळी जास्त, पण ज्या जागेसाठी लिहायचं ती जागाच उरली नव्हती. ती टॉवेलला शिलाई मारायला जाऊ लागली. मला एका शब्दानं बोलली नाही. सणाला येते, पाया पडते, "अक्का, गुडघं कसं हाय?" विचारते. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मी ते पान फाडलं. पण फाडून काय, त्याचे फोटो कधीच गेले होते. कुठल्या कुठल्या केंद्रात, कशावर कशावर तक्ते लागलेत, मला काय माहीत? कुणी वही परत द्यायला आलं की मी विचारते, तुझ्या तक्त्यामागं काय आहे गं? बायकांना वाटतं, अक्काचं वय झालं.

ह्या पावसाळ्यानंतर मदतनीस एक दिवस आली, तोंडावर वेगळंच तेज. "अक्का, एक काम हाय. नर्सरी निघालीय. अनुभवी बाई पायजे म्हनं, दोन टीचरच्या वर." मग जरा थांबली. "त्याच खोलीत हाय. मालकानं लोखंडी गर्डर घातलाय, प्लास्टर केलंय. येता का बरोबर?"

मी नाही कशी म्हणणार? गेलो. तिनं सगळे दाखले फाईलमध्ये घातले होते. दहावी, बारावी, अनुभवाचा दाखला, मॅडमच्या शेऱ्याची झेरॉक्ससुद्धा. वाटेत दोनदा फाईल उघडून बघितली.

खोली ओळखू येत नव्हती. बाहेर रंगीत पाटी, आत निळा रंग, आणि त्या भिंतीवर उंचच्या उंच जिराफ काढलेला. चालवणारी पोरगी विशी-पंचविशीतली, गोड स्वभावाची. फाईल मन लावून वाचली. "आठ वर्षांचा अनुभव? अहो ताई, मग उद्यापासूनच या. मी शहरात सात रस्ता भागात दुसरी शाखा काढतेय, मला इथं रोज जमणार नाही. ही शाखा तुम्हीच चालवा. हेड म्हणून."

हेड. मदतनिसानं माझा हात धरला, टेबलाखालून.

मी मात्र पोरांकडं बघत होते. खोलीत चांगल्या रंगीत चटया अंथरल्या होत्या, जिराफापर्यंत. त्या मोकळ्या होत्या. सगळी पोरं दाराशी बसली होती, एकमेकांना चिकटून.

"दारात का गं बसवलंस त्यांना?" मी विचारलं.

"मी कुठं बसवलं, आजी? कितीही सांगा, तिथंच जाऊन बसतात. आणि त्या भिंतीचं काय वैर आहे कुणास ठाऊक, तिच्यावर काहीही लावलं की फाडतात." ती हसली. "मधे रंगाला चीर गेली होती ना, म्हणून मी पोस्टर लावत होते. मला एका ताईंनी व्हॉट्सॲपवर फार छान टिप्स पाठवल्यात. हे बघा."

तिनं मोबाईल पुढं केला. माझं अक्षर. ठळक, खाली दोन रेघा.

मी विचारलं, "फाटलेली पोस्टरं ठेवलीस का?"

"आहेत की, चिकटवीन म्हटलं." तिनं कपाटातून तीन काढली. एकावर फळं होती, एकावर भाज्या, एकावर गाड्या. मी ती टेबलावर एकाखाली एक ठेवली. आंबा मधोमध कापलेला, वांगं मधोमध कापलेलं, बस मधोमध कापलेली. एकाच रेषेत. दोऱ्यानं कापल्यासारखी.

मदतनिसानं बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. तिनं हळूच फाईल मिटली, तिचं बटण लावलं, आणि माझ्याकडं बघितलं. फोटोच्या वेळी त्या मुलीनं बघितलं होतं तसंच, अगदी तसंच. ह्या वेळी ती काही करणार नव्हती असं नाही, केलंच असतं. पण आधी ती थांबली होती, मी काय म्हणते ते ऐकायला.

मी उठले. गुडघ्यांनी कळ मारली. टाळी वाजवली. "चला रे, गाडी! कोण कोण येतंय गाडीत?"

पोरं टुणकन उठली. वाटच बघत असल्यासारखी.

"अहो आजी, काय करताय?" ती पोरगी गोंधळली. "सुट्टी साडेबाराला असते. पालक मला काय म्हणतील?"

"मला शिव्या दे म्हनावं. तू जे पान बघतीस ना, ते माझ्या हातचं हाय. आनि ते चुकीचं हाय. आदी पोरं भाईर काढ, मग माझ्याशी भांड."

तिचा चेहरा कडक झाला. "ताई," ती मदतनिसाला म्हणाली, "तुम्ही तरी सांगा ह्यांना. उद्यापासून ही जबाबदारी तुमची आहे."

मदतनीस फाईल टेबलावर ठेवून पुढं गेली. "माझी हाय म्हनूनच," ती म्हणाली आणि पहिल्या पोराचे हात ओढून आपल्या कमरेला लावले. "मी इंजिन. धरा रे घट्ट."

झुकझुक करत सगळी बाहेर पडली, उन्हात, रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाखाली. ती पोरगी फोन कानाला लावून मालकाला बोलवत होती, माझ्याकडं पाठ करून. मी फाईल घ्यायला मागं वळले. आत कुणी नव्हतं. जिराफाच्या मानेवरून एक रेघ खाली उतरली होती, काढणाऱ्यानं काढली नसेल अशी. मी तळवा लावला, म्हाताऱ्यानं लावला होता तसा. शेजारी मशिनी चालू होत्या, त्यामुळं आत रवा चाळल्यासारखा आवाज येत होता का, मला सांगता येणार नाही.

बाहेर मदतनीस पोरांची डोकी मोजत होती. एकदा मोजून झाली. मग दाराकडं बघितलं, आत मी एकटीच उरले होते, आणि परत पहिल्यापासून मोजायला लागली.